आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा



स्मृतिव्याख्यानासाठी बोलावणं आलं की एखादा भव्य विषय घ्यावा असं वाटतं. मी मुद्दाम लहान विषय घेतला आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व किती आहे, आणि त्याचा त्याच्या बरं होण्याशी काय संबंध आहे, एवढाच. पोटाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर म्हणून हा प्रश्न सतत माझ्यासमोर येतो. रुग्णाची मुलगी फाइल उघडते, रिपोर्टवर ठळक छापलेला आकडा दाखवते आणि विचारते, “डॉक्टर, बाबांचं व्हिटॅमिन डी खूप कमी आलंय. त्याच्यामुळे तर हे झालं नाही ना? आता भरून काढलं तर परत होणार नाही ना?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचं उत्तर घाईघाईत ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देणं मला अन्यायाचं वाटतं, म्हणून आज तासभर आपला वेळ मागतो आहे.

आधी आजाराविषयी. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं आणि त्याचा शेवटचा, साधारण पंधरा सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे मोठ्या आतड्याचा कर्करोग अजूनही कमी आढळतो. पण ज्यांना होतो, ती माणसं फार म्हातारी नसतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१३-१४ च्या सुमारास आलेल्या ८०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली आहे. त्यांचं सरासरी वय ४७ होतं. मोठ्या रुग्णालयात तरुण रुग्ण अधिक पोचतात हे धरलं, तरी आकडा अस्वस्थ करणारा आहे. घरातला कमावता माणूस, मुलांची शाळा-कॉलेजं चालू असलेली आई, अशा वयात हे येतं.

शस्त्रक्रियेत आम्ही गाठ असलेला आतड्याचा भाग काढतो, त्याच्याबरोबर त्याला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्याभोवतीच्या लसिका ग्रंथीही काढतो. निदान १२ ग्रंथी तपासायला मिळाव्यात अशी अपेक्षा असते. मग आतड्याची दोन टोकं जोडतो. जोड गुदाशयात फार खाली असेल तर तो भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावतो. पुढे काही रुग्णांना किमोथेरपी लागते.

आता ‘बरं होणं’ म्हणजे काय? शल्यचिकित्सकाच्या लेखी त्याचे दोन कालखंड आहेत. पहिला साधारण महिनाभराचा. जोड टिकला का, जखम चिघळली नाही ना, आणि वॉर्डात दररोज सकाळी विचारला जाणारा तो प्रश्न, गॅस सरला का? दुसरा कालखंड पाच वर्षांचा. गाठ परतली का, माणूस जगला का. ‘ड’ जीवनसत्त्वाविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येतं, त्यात या दोन कालखंडांची सरमिसळ असते. पुरावा प्रामुख्याने दुसऱ्याविषयी आहे. लोकांची आशा मात्र दोन्हींवर असते.

या जीवनसत्त्वाच्या इतिहासात महाराष्ट्राचं एक पान आहे, आणि ते आपल्याकडे कुणी वाचत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. थिओबाल्ड पाम नावाचे इंग्रज डॉक्टर मिशनरी म्हणून जपानात राहिले होते. मायदेशी परतल्यावर इंग्लंडच्या शहरांत त्यांना पाय वाकलेली मुलं जागोजाग दिसली. जपानात तर मुडदूस जवळपास नव्हता. त्यांनी पूर्वेकडच्या देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांना पत्रं लिहून माहिती मागवली आणि १८९० साली लिहून टाकलं की मुडदुसाचं मूळ सूर्यप्रकाशाच्या अभावात आहे. फार कुणी ऐकलं नाही. पुढे १९१९ साली एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाच्या तेलाने मुडदूस टळतो हे दाखवलं, आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुडदुसाची मुलं बरी केली. एकाच रोगाला तेलही लागू पडतं आणि प्रकाशही, हे कोडं त्या वेळी सुटत नव्हतं.

अशा वेळी, १९२२ साली, हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांचा नाशिक भागातला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते उलटंच होतं. मोलमजुरी करणाऱ्या घरांत खाण्याची आबाळ, दूध-तूप नावाला नाही, पण मुलांची हाडं सरळ. खात्यापित्या घरांत, जिथे बायकांना आणि लहान मुलांना पडद्याआड, माजघरात ठेवलं जाई, तिथे मुडदूस आणि बाळंतिणींची हाडं मऊ पडण्याचा आजार. श्रीमंती अन्नात होती आणि दारिद्र्य उन्हाचं होतं. आज शंभर वर्षांनंतर आपल्या रक्ततपासण्यांचे आकडे पाहताना मला हा नाशिकचा अभ्यास पुन्हा पुन्हा आठवतो, कारण कुणाच्या शरीराला ऊन मिळतं आणि कुणाच्या मिळत नाही हे तेव्हाही समाजच ठरवत होता.

कर्करोगाशी याची सांगड घातली गेली ती १९७४ नंतर. अमेरिकेत जिल्हावार कर्करोग-मृत्यूंचे नकाशे तयार झाले. ते नकाशे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका व्याख्यानात सेड्रिक आणि फ्रँक गार्लंड या भावांनी पाहिले. आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू ईशान्येकडे दाट आणि नैर्ऋत्येच्या उन्हाळ प्रदेशात विरळ. १९८० साली त्यांनी तर्क मांडला की हे ऊन आणि ‘ड’ जीवनसत्त्वामुळे असावं. पुढची चाळीस वर्षं जगभरातले संशोधक हा तर्क तपासत आले आहेत.

तर्काला शरीरशास्त्राचा आधार आहे. सूर्यप्रकाशातले २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील-बी किरण त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका पूर्वरूपावर पडले की ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं. यकृतात त्यावर पहिली प्रक्रिया होते. रक्ततपासणीत आपण मोजतो ते हेच, यकृतातून बाहेर पडलेलं रूप. मग मूत्रपिंडात त्याचं खरं कार्यक्षम संप्रेरक बनतं. महत्त्वाची गोष्ट अशी की हे शेवटचं काम आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही स्वतःपुरतं करू शकतात. संप्रेरक पेशीच्या केंद्रकात शिरतं, जनुकं चालू-बंद करतं. २००१ साली माद्रिदच्या आल्बेर्तो मुन्योझ यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर हे संप्रेरक घातलं तर त्यांची बेलगाम वाढ घडवणारा एक संकेतमार्ग मंदावतो आणि पेशी पुन्हा शहाण्या अस्तरासारख्या एकमेकींना धरून बसतात. काचेच्या तबकडीत हे घडतं, यात शंका नाही.

इथेच एका गैरसमजाचं निरसन करतो. “आतडं कापलं म्हणून जीवनसत्त्व शोषलं जात नाही का?” असं अनेक जण विचारतात. ‘ड’ जीवनसत्त्व चरबीबरोबर, पित्ताच्या मदतीने, लहान आतड्यात शोषलं जातं. मोठ्या आतड्याचा तुकडा गेल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. उजव्या बाजूची शस्त्रक्रिया करताना लहान आतड्याचा शेवटचा बराच भाग गेला असेल, तरच थोडा विचार करावा लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २००८ साली बॉस्टनच्या किमी एन्ग आणि सहकाऱ्यांनी आतड्याचा कर्करोग झालेल्या ३०४ जणांचे, निदानाच्या आधीच घेऊन ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. ज्यांची पातळी सर्वांत वरच्या चतुर्थांशात होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सर्वांत खालच्या चतुर्थांशाच्या मानाने जवळपास निम्मं होतं. मग स्कॉटलंडने हा प्रश्न हाती घेतला. एडिनबर्ग ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबर ते मार्च तिथे सूर्य इतका तिरपा असतो की त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व बनतच नाही, आणि आतड्याचा कर्करोगही तिथे खूप. माल्कम डनलॉप या शल्यचिकित्सकांच्या गटाने शस्त्रक्रिया झालेल्या १,५९८ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. पातळी वरच्या तृतीयांशात असलेल्यांना या कर्करोगाने मरण येण्याचा धोका खालच्या तृतीयांशाच्या तुलनेत ३२ टक्क्यांनी कमी होता.

बातमी म्हणून हे किती आकर्षक आहे पाहा. ऊन फुकट, गोळी स्वस्त, आणि मृत्यूचा धोका एक तृतीयांशाने कमी. पण अभ्यासाने फक्त एवढं सांगितलं की कमी पातळी आणि वाईट निकाल बरोबरीने नांदतात. कुणामुळे कोण, हे त्यातून ठरत नाही. जो माणूस आधीच खंगलेला आहे, ज्याला उठून अंगणात जायचं त्राण नाही, त्याची पातळी खाली जाणारच. स्थूल माणसाच्या रक्तातही पातळी कमी दिसते. जो रोज फिरतो, मासे खातो, धडधाकट आहे, त्याची पातळी चांगली असते आणि तो जगतोही अधिक.

आणखी एक मोठी अडचण शस्त्रक्रियेनेच उभी केली आहे. ग्लासगोच्या संशोधकांनी २०११ साली गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णांचं रक्त शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासलं. या रुग्णांना कर्करोग नव्हता, आतड्याला कुणी हात लावला नव्हता. तरीही दोन दिवसांत ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी सुमारे ४० टक्क्यांनी घसरली, आणि त्याच वेळी सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन, वर चढलं. दोन दिवसांत कुणी उन्हात गेलं नाही म्हणून एवढी घसरण होत नाही. या जीवनसत्त्वाचं रक्तातलं अर्धायुष्य दोन-तीन आठवड्यांचं आहे. झालं असं की शस्त्रक्रियेच्या आघाताला शरीराने प्रतिसाद दिला, जीवनसत्त्व वाहून नेणारी प्रथिनं रक्तातून कमी झाली आणि त्यांच्याबरोबर आकडाही खाली आला.

याचा अर्थ प्रत्येक वॉर्डातल्या डॉक्टरने नीट समजून घ्यायला हवा. शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढलेला ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा त्या माणसाच्या साठ्याविषयी फार थोडं सांगतो आणि त्याच्या अंगातल्या दाहाविषयी बरंच काही सांगतो. अल्ब्युमिनचंही असंच होतं, लोहाचंही. ग्लासगोच्याच डोनाल्ड मॅकमिलन यांनी सीआरपी दहाच्या वर आणि अल्ब्युमिन पस्तीसच्या खाली, एवढ्या दोन साध्या तपासण्यांवरून कर्करोगाच्या रुग्णाचं भवितव्य कसं वर्तवता येतं हे दाखवून दिलं आहे. तिथे कुणी म्हणत नाही की अल्ब्युमिनची बाटली चढवली की कर्करोग परतणार नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र हीच उडी आपण सहज मारतो.

मग ही सगळी दाहाचीच सावली आहे का? एडिनबर्गच्याच गटाने हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो यासाठीच. २०२० साली ‘गट’ या नियतकालिकात त्यांनी अडीच हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास मांडला. शस्त्रक्रियेनंतर पातळी घसरते हे त्यांनाही दिसलं. पण दाहाचा हिशेब वेगळा काढल्यावरही कमी पातळी आणि कमी आयुष्य यांचं नातं पुसलं गेलं नाही. म्हणजे आकडा नुसती खूण असेल असंही ठामपणे म्हणता येत नाही. जीवनसत्त्वाचा स्वतःचा काही वाटा असू शकतो, आणि तो किती हे पाहायचं तर एकच मार्ग उरतो. चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांना जीवनसत्त्व द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि वाट पाहायची.

अशी वाट जपानने पाहिली. तोचिगी प्रांतातल्या ओतावारा येथील रुग्णालयात मित्सुयोशी उराशिमा यांच्या पुढाकाराने ही चाचणी झाली. तिला जपानी सूर्यदेवतेचं, अमातेरासूचं नाव दिलं होतं. अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंतच्या कर्करोगांची शस्त्रक्रिया झालेले ४१७ रुग्ण. त्यांतले जवळपास निम्मे मोठ्या आतड्याचे. काहींना रोज २,००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. पाच वर्षांनी गाठ न परतता जिवंत असलेले जीवनसत्त्वाच्या गटात ७७ टक्के, दुसऱ्या गटात ६९ टक्के. आठ टक्क्यांचा फरक ऐकायला मोठा वाटतो. पण रुग्णसंख्या बेताची होती आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरला नाही. योगायोगानेही एवढा फरक पडू शकला असता. २०१९ साली हा निकाल आला तेव्हा त्याच अंकात बॉस्टनची ‘सनशाइन’ ही चाचणीही छापली गेली. त्यात आजार शरीरात पसरलेल्या १३९ रुग्णांना किमोबरोबर मोठा किंवा साधा डोस दिला होता. मोठ्या डोसवाल्यांचा आजार सरासरी १३ महिने आवरला, साध्या डोसवाल्यांचा ११ महिने. पुन्हा आशा, पुन्हा काठावर. त्यानंतर याच धर्तीवर साडेचारशेहून अधिक रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला तिचा निकाल मांडला गेला. मोठ्या डोसचा आजार आवरायला फायदा दिसला नाही.

निरोगी लोकांवरच्या चाचण्या तर प्रचंड मोठ्या झाल्या. अमेरिकेत २५,८७१ लोकांना रोज २,००० युनिट किंवा बिनऔषधी गोळी दिली. कर्करोग होण्याचं प्रमाण बदललं नाही. ऑस्ट्रेलियात २१ हजारांवर वयस्करांना महिन्यातून एकदा ६०,००० युनिटचा डोस पाच वर्षं दिला. मृत्यू कमी झाले नाहीत, उलट पहिली दोन वर्षं वगळून हिशेब केला तेव्हा कर्करोगाचे मृत्यू थोडे जास्तच दिसले. हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०२३ साली १४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. रोज थोडं थोडं जीवनसत्त्व घेतलं त्या चाचण्यांमध्ये कर्करोगाने होणारे मृत्यू १२ टक्क्यांनी कमी दिसले, अधूनमधून मोठा डोस दिला तिथे काहीच फरक नव्हता. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे घराघरांत जी पुडी असते ती साठ हजारांची, आठवड्याची. हाडांसाठी, खरी कमतरता भरून काढण्यासाठी ती चालते. कर्करोगाविरुद्ध तिचा आधार मात्र सर्वांत कच्चा आहे.

या सगळ्याचा माझ्यापुरता निष्कर्ष असा. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता ही भरून काढण्यासारखी गोष्ट आहे, जशी रक्तक्षयाची किंवा दात किडल्याची दखल आपण घेतो तशी. त्याने कर्करोग परतण्याचा धोका थोडा कमी होत असेल, अशी शक्यता मी नाकारत नाही. पण तो आकडा सुधारला म्हणजे आजारावर मात केली, असं कुणी रुग्णाला सांगत असेल तर तो त्याची फसवणूक करतो. आणि त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी निःसंकोच देतो: नाही, बाबांना हे त्या आकड्यामुळे झालं असं म्हणायला आधार नाही. ज्यांच्या जनुकांमुळेच जन्मभर पातळी थोडी कमी राहते, अशा लोकांचे मोठे अभ्यास झाले आहेत. त्यांच्यात या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलेलं नाही. वर्षानुवर्षं ऑफिसात बसल्याचा, उन्हात न गेल्याचा अपराध कुणाच्या माथी मारू नका. आजारी माणसाला अपराधाचं ओझं पेलत नाही.

पहिल्या कालखंडाबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्याबद्दल, थोडक्यात सांगतो. जोड टिकावा, जखम भरावी, गॅस लवकर सरावा यासाठी जे उपयोगी ठरलं आहे ते ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळीहून फार वेगळं आहे. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतरची शिस्तच उलटी केली. रुग्णाला दिवसेंदिवस उपाशी ठेवायचं नाही, नळ्या लवकर काढायच्या, अफूजन्य वेदनाशामकं कमी वापरायची, आणि त्याच दिवशी खाटेवरून उठवायचं. १९९९ साली त्यांनी पोट उघडून डाव्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना सरासरी दोन दिवसांत घरी पाठवल्याचं लिहिलं, तेव्हा अनेकांना ते खरं वाटलं नाही. आज ही पद्धत जगभर रुळली आहे. आपल्याकडे अजूनही नातेवाईक घाबरतात. “टाके ओले आहेत, चालवू नका” म्हणतात. मी त्यांना हात जोडून सांगतो, पहिल्या दिवशी खुर्चीत बसवा, दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालवा, सलाईनच्या बाटलीवर भिस्त ठेवू नका, पेज आणि मऊ भात लवकर सुरू करा.

आणि दुसऱ्या कालखंडासाठी तर २०२५ साली फार मोलाचा निकाल हाती आला आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इतर काही देशांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किमो झालेल्या ८८९ रुग्णांवर ही चाचणी झाली. निम्म्यांना नुसतं व्यायामाचं पुस्तक दिलं, निम्म्यांना तीन वर्षं एका सल्लागाराने नियमित भेटून व्यायाम करवून घेतला. बहुतेकांचा व्यायाम म्हणजे भरभर चालणंच. पाच वर्षांनी आजार न परतलेले व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, पुस्तकाच्या गटात ७३.९ टक्के. हा फरक कसोटीला उतरला. आठ वर्षांनी जिवंत असलेल्यांतही फरक होता, ९०.३ आणि ८३.२ टक्क्यांचा. इतक्या किमती औषधांच्या काळात माणसाला माणसाने सोबत देऊन चालायला लावलं आणि त्याचं आयुष्य वाढलं, हे वाचून मी गहिवरलो होतो. त्या चाचणीत पुस्तक सगळ्यांनाच मिळालं होतं. सोबत निम्म्यांना होती.

इथे मला पुन्हा नाशिक आठवतं. आपल्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतर ‘ड’ जीवनसत्त्व का कमी राहतं याचा विचार करताना मला दाह, आहार, किमो यांच्याबरोबर एक गोष्ट ठळक दिसते, आणि ती कोणत्याही रिपोर्टवर छापलेली नसते. पोटावर पिशवी आली की माणूस घराबाहेर पडणं थांबवतो. वास येईल, पिशवी फुगेल, गळेल, कुणी पाहील. देवळात जायचं नाही, लग्नाला जायचं नाही, पारावर बसायचं नाही. बायकांचं तर आणखी कठीण. स्वयंपाकघरात शिरू द्यायचं की नाही यावरून काही घरांत कुजबुज होते. खिडकीशी खुर्ची टाकून ऊन घेतो असं सांगतात, पण खिडकीच्या काचेतून ते किरण आत येत नाहीत. काही जण सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसतात. छान वाटतं, पण सावली अंगापेक्षा लांब पडते त्या वेळी त्वचेत जीवनसत्त्व फारसं बनत नाही. शंभर वर्षांपूर्वी पडदा घराण्याच्या प्रतिष्ठेचा होता, आज तो संकोचाचा आहे. त्याचा परिणाम रक्तात तसाच उतरतो. म्हणून असा कमी आकडा दिसला की मी डोस लिहिण्याआधी विचारतो, “काका, शेवटचं घराबाहेर कधी पडलात?” बहुतेक वेळा त्यांचे डोळे आधी बोलतात.

यावर काम करणारे लोक आहेत. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. स्वतः पिशवी लावून वर्षानुवर्षं नोकरी-संसार केलेली माणसं नव्या रुग्णाला भेटतात. मोठ्या रुग्णालयांत पिशवीची काळजी शिकवणाऱ्या परिचारिका आहेत. पण जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा रुग्णाच्या हातात पिशव्यांचं खोकं देतात आणि डिस्चार्जचा कागद.

आता हाताशी धरण्यासारखं थोडं सांगतो. तपासणी करायचीच असेल तर ती शस्त्रक्रियेच्या आधी करा, भूल देण्यापूर्वीच्या बाकी तपासण्यांबरोबर. नंतर करायची राहिली तर निदान तीन महिने थांबा आणि त्याच वेळी सीआरपी करा. तो चढलेला असेल तर ‘ड’च्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर भरून काढा. डॉक्टरांनी आठवड्याची पुडी ठरावीक आठवड्यांसाठी लिहिली असेल तर तेवढीच घ्या, आणि पुढे रोजच्या लहान डोसवर या. ३० च्या वर न्यायचाच हा हट्ट सोडा. अमेरिकेतल्या ज्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने तो आकडा २०११ साली रूढ केला, तिनेच २०२४ च्या मार्गदर्शनात तो सोडून दिला आहे. आणि एक धोका नीट ऐका. एका डॉक्टरची पुडी, दुसऱ्याचं इंजेक्शन, शेजारच्या औषधवाल्याची कॅल्शियमची गोळी, असं सगळं एकदम चालू असलेला रुग्ण मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी घेऊन येतो. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असते, म्हणून सगळ्यांचं लक्ष पोटाकडे जातं. आतडं अडकलं, गाठ परतली असं वाटतं, स्कॅन होतो. खरं तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असतं. अशा वेळी ती एक साधी तपासणी आधी करा.

खाण्याबद्दल फार बोलत नाही. कोकणात बांगडा आणि तारली खातात, त्यांना थोडा लाभ होतो. अंड्याच्या पिवळ्या भागात थोडं असतं. शाकाहारी ताटात मात्र हे जीवनसत्त्व जवळपास नसतं. आपल्या सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या मध्ये, हात-पाय उघडे ठेवून, डोक्यावर टोपी किंवा पदर घेऊन थोडं चालणं, हे शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांनी बहुतेकांना जमतं. किमो चालू असेल तर मात्र आधी विचारा. काही औषधांमुळे त्वचा उन्हाला हुळहुळी होते.

माझी एक मागणी आहे. अमातेरासूने जे काठावर सोडलं ते आपण पुढे न्यायला हवं. भारतात पातळी मुळातच कमी असलेले रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, वयाने तरुण आहेत, आणि आतापर्यंतच्या बहुतेक चाचण्या ज्यांची पातळी बऱ्यापैकी होती अशा लोकांवर झाल्या. खरा उपयोग होणार असेल तर तो कमतरता असलेल्यांनाच होईल. चाचणी इथेच व्हायला हवी: शस्त्रक्रियेच्या आधी नमुना, रोजचा लहान डोस, पाच वर्षांचा पाठपुरावा. औषध कंपन्यांना यात पैसा दिसणार नाही, म्हणून तो खर्च सरकारने आणि विद्यापीठांनी उचलावा. आणि त्या चाचणीत प्रत्येक गटातल्या प्रत्येक रुग्णाला, जीवनसत्त्वाची गोळी मिळो वा साधी, पहिल्या महिन्यात घराबाहेर चालायला नेणारा एक माणूस नेमलेला असावा, कारण त्याच्या उपयोगाविषयी आता वाट पाहण्यासारखं काही उरलेलं नाही.